राहीची भाकरी

राही संध्याकाळच्या एसटीने उतरून घरात आली आणि चुलीपुढे मटकन बसली. तिच्या हातातलं फडकं मी सोडलं, तर सकाळी बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या जशाच्या तशा. लसणीच्या चटणीलाही बोट लागलेलं नाही.

"अगं बये, दिवसभर उपाशी?"

"विसरले गं आई."

बाहेर ओट्यावर आमचे मास्तर, म्हणजे राहीचे आबा, वाट बघत बसले होते. पोरीला मी त्यांना न सांगता अलिबागच्या इस्पितळात धाडलं होतं. आता भांडण होणार हे दिसतच होतं. आणि खरं सांगू का, मला ते हवंच होतं.

आमच्या मास्तरांचं खूळ सगळ्या नागाव गावाला ठाऊक. मॅट्रिकच्या वर्गाला शिकवायचे. परीक्षा संपली की एकेका पोराला विचारायचे, "आता पुढं काय?" पोरं काय सांगणार? बाप सांगेल ते. मग मास्तर त्या पोराला एक दिवस कुणाच्या तरी हाताखाली धाडायचे. पोस्टात, कचेरीत, सुताराकडे, नाहीतर रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर. भाकरी घरून न्यायची आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन सांगायचं. मास्तर दोनच गोष्टी विचारायचे. भाकरी कधी खाल्लीस? आणि पाय दुखायला लागले तेव्हा घरी यावंसं वाटलं का?

अंबाजीचा रघू लाँचवर नोकरी करणार म्हणून नाचत गेला होता. संध्याकाळी तोंड पाडून आला. "मास्तर, भोंगा तेवडा निघताना वाजवतात. मंग नुसता तेलाचा वास! भाकरी तर मी धक्क्यावरच खाल्ली, लाँच सुटायच्या आदी." मास्तर पोट धरून हसले. रघू पुढे पोस्टात चिकटला आणि सुखी आहे. मी म्हणायची, तुमच्या शाळेत गणिताचा पेपर सोपा, भाकरीचा कठीण.

कोळीवाड्यातल्या नीराबाईच्या सगुणेला त्यांनीच इस्पितळात धाडलं, आणि मग नर्सिंग शिकायला मुंबईला. तेव्हा नीराबाई मासळीची टोपली आमच्या अंगणात आपटून ओरडली होती, "मास्तर, माजी पोर लोकांची घाण काढाय धाडता, उंद्या तुमची धाडाल काय?"

"धाडीन," मास्तर म्हणाले होते. "तिला हवं असेल तर तिलाही धाडीन."

राही तेव्हा परकर सावरत लगोऱ्या खेळत होती. बोलायला काय जातं!

राही म्हणजे आमचं नवसासायासाचं एकुलतं एक लेकरू. ती पाळण्यात असतानाच मास्तरांनी ठरवून टाकलं होतं की ही इथल्याच शाळेत बाई होणार, सकाळी बापाबरोबर जाणार, संध्याकाळी बापाबरोबर येणार. ती मॅट्रिकला बसली, सगळी पोरं एक एक दिवस जाऊन आली, पण हिला कुठं धाडायचं नावच नाही. विचारलं तर म्हणायचे, "तिचं ठरलंय." दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पोरगी तोंडाने काही बोलेना, पण सगुणा सुट्टीवर आली की तिच्यामागे शेपटासारखी. सुट्टीतही सगुणा अलिबागच्या इस्पितळात मदतीला जायची. म्हणून मीच त्या सकाळी तिला सगुणेबरोबर एसटीत बसवलं.

मास्तर आत आले. "कुठं गेली होती ही?"

"इस्पितळात. सगुणेबरोबर," मी म्हणाले.

"मला न विचारता?"

"तुम्ही तिला कधी विचारलंत? गावच्या पोरांना विचारता, घरची पोर काय मुकी आहे?"

त्यांचा चेहरा लाल झाला. काहीतरी कडक बोलणार होते. तेवढ्यात त्यांची नजर चुलीपुढच्या उघड्या फडक्यावर गेली. ते बघतच राहिले. मग भिंतीला टेकून खाली बसले.

"राही, भाकरी कधी खाल्लीस?"

"राहिलीच आबा. एक म्हातारी माझा हात सोडेना. ती झोपली, तर एका बाईला कळा सुरू झाल्या. सगुणाताईने मला नुसतं बाहेर पाणी तापवायला ठेवलं होतं. पण बाळ रडलं ते मी ऐकलं."

"पाय दुखतायत?"

"खूप."

"मग घरी यावंसं वाटलं?"

राहीने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिचे डोळे भरून आले. बापाला काय लागणार हे तिला कळत होतं. पण खोटं बोलायची सवय आम्ही तिला लावली नव्हती.

"नाही वाटलं, आबा."

मास्तर त्या दिवशी ताटावरून अर्धपोटी उठले. मी हात धुवायला पाणी घातलं तेव्हा म्हणाले, "कृष्णे, मला ती जवळ हवी गं."

"मला नको काय? मी काय दगडाची आहे?" असं म्हणाले आणि मलाच रडू कोसळलं.

सकाळी नीराबाई टोपली घेऊन दारात आली. ती तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "नीराबाई, माझीही पोर धाडतोय हां."

नीराबाईने टोपली अलगद खाली ठेवली. "व्हय मास्तर?" म्हणाली. "मंग आज बोंबील फुकट घ्या. आन् पोर गेली का घर कसा खायाला उठतो, ते मना इचारा."

गौरी-गणपती झाले, पावसात बंद असलेल्या लाँचा पुन्हा सुरू झाल्या आणि आम्ही राहीला घेऊन रेवसला आलो. सगुणा सोबत होती. मास्तर सारखे बजावत होते. ट्रंक जपा, भाऊच्या धक्क्यावर गर्दी असते, हात सोडू नका. राही वाकून पाया पडली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचं विसरले. सगुणेने हळूच तिला ओढून नेलं. भोंगा वाजला. लाँच निघाली, लहान होत गेली, मग दिसेनाशी झाली.

तेव्हा मला त्यांच्या दुसऱ्या हातातलं फडकं दिसलं. मी पहाटे उठून भाजलेल्या भाकऱ्या.

"अहो, हे काय? तिला द्यायचं राहिलं की!"

"विसरलो," ते म्हणाले.

धक्का रिकामा झाला. एसटीवाल्याने दोनदा हाका मारल्या. मास्तर पाण्याकडे बघत उभेच.

"चला आता. पाय दुखत नाहीत का?"

"दुखतायत."

"मग घरी जाऊया ना?"

त्यांनी फडक्याची गाठ चाचपली.

"जावंसं वाटत नाही गं."

एसटी निघून गेली. मी धक्क्याच्या पायरीवर बसले, त्यांनाही बसवलं. फडकं सोडून एक भाकरी त्यांच्या हातात दिली आणि एक मी घेतली.