ढिली पडलेली दोरी

अंजूरच्या नव्या गोदामात रस्त्यावरून खाली जायला सिमेंटचा उतार होता. सकाळच्या उन्हात त्यावर दोन पेट्या एकीखाली एक उभ्या होत्या. वरची सहाशे किलोची, लाकडी पायांची. खालची चारशेची, लोखंडी पायांची. दोघींमधली जाड दोरी ताठ. आत नव्या लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, भाग होते. इंच इंच सरकवत त्या खाली न्यायच्या होत्या. उताराच्या तळाशी भाविक लाकडी ठोकळा घेऊन उभा होता. पेटी सरकली की तिच्यापुढे ठोकळा लावायचा, ही त्याची ड्युटी.

त्याची थोरली बहीण ऋतिका भिवंडीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आदल्या दिवशी वडिलांनी, चांगदेवांनी, तिला हसत विचारलं होतं, "मॅडम, वहीत बघा जरा. या दोघी मधीच थांबतील का?"

तिनं गणित मांडलं. लोखंडी पायांची पेटी एकटी थांबणार नव्हती. पण लाकूड सिमेंटला घट्ट धरतं, म्हणून वरची तिला दोरीनं तोलून धरणार होती.

"थांबतील, बाबा. फक्त उतार कोरडा पायजे."

उतार झाडून लख्ख केला होता. चांगदेवांनी खालच्या पेटीपुढे सिमेंटच्या फटीत पहार रोवली आणि बाजूला उभं राहून ती धरून ठेवली. मग त्या दोघांची आई हौसा आली. नवं काही दारी आलं की पाणी ओवाळून टाकल्याशिवाय ती आत जाऊ द्यायची नाही. तिनं वरच्या पेटीमागे नारळ फोडला, भरला तांब्या फिरवला आणि ओठांत गुणगुणली,

*आलं यंतर गं दारी, कुणाची ना लागो दीठ*
*लेक उताराच्या खाली, त्याची राख बाई पाठ*

आणि तांब्या रिता केला. पाणी नारळाच्या पाण्यात मिसळून वरच्या पेटीखाली शिरलं. लाकडाचे पाय काळे पडत गेले.

थोड्या वेळानं दोरी मधोमध झुकली.

"ताण गेला बघा," चांगदेव म्हणाले. "बरं झालं. आता पहार काढतो."

"आईच्या पाण्यानं गुण दिला," खालून भाविक म्हणाला. "मॅडमचं गणित र्‍हायलं वहीतच."

ऋतिकानं पेट्यांकडे निरखून पाहिलं. खालची पहारीला टेकून जागच्या जागी होती. म्हणजे वरचीच खाली आली होती. जिनं धरायचं, तिचेच पाय सुटले होते. ती सरकत खालचीला टेकली की दोघींचा, हजार किलोंचा, भार त्या एका पहारीवर येणार होता.

"बाबा, पहार काढू नका," ती हळूच म्हणाली. मोठ्यानं बोलायचीही तिला भीती वाटत होती. "भाविक, ठोकळा टाक. भिंतीला लाग."

"दोरी ढिली हाय ना, ताई. भितेस कशाला?"

"ढिली हाय म्हणूनच."

"तुझ्या कॉलेजच्या पोरींना शिकव हे. मी न्हाय हलत."

समजावायला वेळ नव्हता. ती उताराच्या कडेनं भिंत धरून खाली उतरली आणि त्याच्या शेजारी, पेट्यांच्या समोर उभी राहिली.

"मग मीपण इथंच."

"येडी झालीस काय?"

"तू हललास तर हलेन. साडीत मला पळता येत न्हाय, तुला ठाव हाय."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वर. ठोकळा टाकून दंड धरून तिला भिंतीकडे खेचलं. वर पहार खरवडल्याचा आवाज झाला. चांगदेव मागे फेकले गेले. पेट्या सुरुवातीला सावकाश, जणू विचार करत निघाल्या. मग वेग वाढत गेला. वाऱ्याचा झोत अंगावरून गेला. ठोकळ्याचा चुरा करत पेट्या समोरच्या खांबावर आदळल्या आणि सगळ्या गोदामात धूळ उभी राहिली.

धुळीतून चांगदेवांचा खोकला ऐकू आला. ते हात झटकत उठून बसले होते. ऋतिकाचा दंड अजून भाविकच्या मुठीत होता.

"हात सोड आता," ती म्हणाली.

"सुटत न्हाय," भाविक म्हणाला.

हौसा अनवाणीच ओल्या उतारावर पाऊल टाकणार होती.

"आई, तिथंच थांब," दोघं एकदम म्हणाले.

ती थांबली. रिता तांब्या छातीशी धरून तिनं विचारलं, "माझ्या पाण्यानं झालं का गं?"

ऋतिका भिंत धरून वर गेली आणि तिनं आईच्या हातातला तांब्या अलगद काढून घेतला.