काट्याच्या पोटातला गंज

मित्रांनो, मी एक जुना लटकता काटा आहे. वरचा आकडा छताला, खालच्या आकड्याला टोपली आणि मधे थरथरणारी सुई. बडनेऱ्यात देवळाशेजारी सत्यवतीबाईंच्या भाजीच्या दुकानात मी वीस वर्षं लटकतो आहे. घडलो कारखान्यात, पण वाढलो देवळातलं कीर्तन ऐकत. बुवा रंगात आले की बाई वांगी तोलता तोलता मान डोलवत, आणि माझी सुईही डोले. "सत्यवतीच्या काट्यावर डोळे झाकून घ्या," असं गिऱ्हाईक म्हणे.

ते ऐकून मला कापरं भरे. कारण माझ्या पोटातल्या स्प्रिंगला गंज चढला होता. सुई अडखळे आणि वजन खऱ्यापेक्षा कमी दाखवे. गिऱ्हाइकाला भाजी जास्तच जाई, म्हणून कोणी तक्रार करेना आणि मला उघडून कोणी बघेना. बुवा कीर्तनात विचारत, "बाहेरून टाळ वाजवतोस, पण आतून कसा आहेस रे?" सगळे हसत. माझा मात्र जीव घाबरा होई.

बाईंची लेक गीतांजली अकोल्याला शेतीचं शिकली. पुढच्या शिक्षणासाठी तिला नेदरलँड्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. विमानात बॅग तेवीस किलोचीच चालणार होती. बाईंनी ती मला टांगली. एक स्वेटर काढ, पापडाचा पुडा घाल, असं करत सुई तेविसावर आणली. मला ओरडावंसं वाटलं, बाई, मी खोटं सांगतोय! पण काट्याला कुठलं तोंड?

कहर म्हणजे बाईंनी मलाही नागपूरच्या विमानतळावर नेलं. "त्यायचा काटा खोटा निघाला तं? आपला संग असू दे."

"अवो, विमान म्हंजे का आठवडी बाजार हाये?" त्यांचे यजमान गोवर्धनभाऊ हसले.

गीतांजली आत गेली. थोड्याच वेळात तिचा रडवेला फोन आला. "आई, पंचवीस भरली वो! दोन किलो काढा म्हनतात."

"असं कसं? आपल्या काट्यावर तेवीस होती! थांब, आलीच मी."

दारावरच्या शिपायानं मला पाहिलं. "माताजी, ये अंदर नहीं जाएगा."

"काहून नाई जाईन? वीस वर्षांत एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन वापस नाई आलं!"

शेवटी गीतांजलीनं बॅगेतली जाड रजई काढून त्याच शिपायाच्या हाती बाहेर धाडली. ती घेऊन आम्ही परतलो. तिकडे हाडं गोठवणारी थंडी आणि पोर रजईविना. माझ्यामुळे!

पुढचे फोन ऐकून तर माझी भीती वाढतच गेली. "आई, वर्गात सारे धडाधड प्रश्न विचारतात. मी गप्प बसतो. परत येऊ का?" प्रत्येक फोनला तेच. पोर शिक्षण सोडून आली तर? त्या दोन किलोंनीच तिचा धीर पहिल्या पायरीवर मोडला होता, असं मला वाटे.

महिन्याभरानं एका संध्याकाळी आवाज वेगळा आला.

"आई, इथं माती तोलायच्या आधी काटा तपासाव लागते. सर सोताच म्हनतात, माही चूक दाखवा. काल मी दाखवली."

"सरायची चूक? रागावले नाई ना तुह्यावर?"

"नाई वो, शाबास म्हनले! आता आपला काटा दाखवून आन. दोन किलो कमी दाखवते तो."

बाई भडकल्या. "तिकडं जाऊन हेच शिकली? मायवर शक?"

"तुह्यावर नाई वो आई. काट्यावर."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परत येऊ का, हे मात्र गीतांजलीनं त्या दिवशी विचारलं नाही.

सकाळी बाई मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या. त्यानं स्क्रू काढायला घेतले आणि माझी सुई लटपटायला लागली. भंगारात जाणार मी! झाकण निघालं. बाईंनी आत डोकावून पाहिलं.

"देवा, केवढा हा गंज! मले डोक्यावर लटकून बी दिसला नाई, पोरीले तितक्या दुरून दिसला." दुरुस्तीवाल्यानं गंज खरवडला, तेल घातलं, आणि मी पुन्हा दुकानात लटकलो, या वेळी खरं वजन सांगत.

मित्रांनो, जमेल त्यानं शिकायला दूर जरूर जावं. नवी भाषा येते, एकट्यानं राहता येतं. पण त्याहून मोठं म्हणजे, आपण ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत आलो, ते प्रेमानं तपासून पाहायचं धैर्य येतं. भीती वाटेल. मला तर स्क्रू फिरताना प्राण गेल्यासारखं झालं. पण आत गंज आहे हे ठाऊक असून वर्षानुवर्षं लटकत राहणं त्याहून भयंकर होतं. तेव्हा घरातल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना अधूनमधून उघडून बघा, तेलपाणी करा. आमचं चुकतं ते आम्हाला कळतं; सांगता तेवढं येत नाही.