परत केलेला तारा

एकोणीसशे बहात्तर साल. प्रयोगशाळेत दुपारच्या चहाचे कप अजून टेबलावरच होते आणि किरणमापक एकाएकी कडकडायला लागला.

"सर, जरा हात मागे घ्या बघू," धाकटी म्हणाली.

खगोलभौतिकीच्या त्या खात्यात सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. आता म्हातारपणी तिचे गुडघे कुरकुरतात, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. सर एरवी फळ्यापाशी रमणारे. यंत्र दुरुस्त करणारा रजेवर म्हणून आज स्वतः स्क्रू पिळत होते. त्यांनी डावा हात मागे घेतला. कडकड मंदावली. पुढे केला, पुन्हा सुरू. मनगटावर त्यांचं जुनं घड्याळ होतं, अंधारात आकडे चमकणारं. असल्या आकड्यांना तेव्हा गॅमा किरण सोडणाऱ्या रेडियमचा रंग असे.

दोघांना एकच गोष्ट आठवली.

सरांची उभी हयात ताऱ्यांकडून येणाऱ्या गॅमा किरणांच्या मागे गेली होती. हे किरण वरच्या हवेतच अडतात, म्हणून दुर्बीण भल्यामोठ्या फुग्याला टांगून वर सोडायची. मागच्या हिवाळ्यात ऐन फुगा सोडायच्या सकाळी दुर्बिणीजवळचं घड्याळ बंद पडलं. वेळ कळावी म्हणून कॅमेरा त्याचेच फोटो घेत असे. सरांनी घाईघाईने मनगटावरचं काढून सांगाड्याला बांधलं. मग काय, एका अंधुक ताऱ्याकडे दुर्बिणीची नळी वळली की किरणांची मोजणी नुसती उसळायची. सर आनंदाने नाचायचेच बाकी होते. त्या ताऱ्याकडे वळताना नळी घड्याळाला अगदी खेटत होती, हे आज उमगलं.

शोधनिबंध छापायला गेला होता. सर निवृत्तीला आलेले. धाकटीची हंगामी नोकरी त्या निबंधावर कायम व्हायची होती, आणि घरी वडील अंथरुणाला खिळलेले, पाठची बहीण शिकत होती.

सर स्टुलावर टेकले. "म्हणजे तारा माझ्या मनगटावर होता म्हण की." मग आवाज उतरला. "मी एकटा असतो तर निबंध मागे घ्या म्हणून आत्ता तार केली असती. पण तुझ्या पोटावर पाय येतो गं. तू म्हणशील तसं."

गप्प बसू या, हे शब्द धाकटीच्या अगदी ओठांवर आले होते. तिने कप उचलले, नळाखाली नेऊन सावकाश धुतले, पालथे घातले.

"तार मी करून येते, सर. दोघांची नावं घालते."

निबंध मागे घेतला गेला. खात्यातली मंडळी निवृत्तीपर्यंत सरांना येता-जाता "किती वाजले?" म्हणून छळत राहिली. धाकटीची नोकरी गेली ती गेलीच. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. वडील फार दिवस काढू शकले नाहीत; बहीण मात्र डॉक्टर झाली.

सर एकदा तिच्या वर्गावर तारे समजावून सांगायला आले होते. एका आगाऊ मुलीने विचारलं, तुम्ही कुठला शोध लावलात?

"लावला होता एक," सर म्हणाले. "तुमच्या बाईंनी परत करायला लावला. म्हणून तर तुमच्यासमोर उभं राहायला तोंड आहे मला."

पुष्कळ वर्षांनी उपग्रहांनी तो तारा नीट तपासला. गॅमा किरणांचा मागमूस नव्हता. विज्ञानाच्या मासिकात ते वाचून धाकटीने चष्मा काढला, चपला पायात सरकवल्या आणि सरांना सांगायला निघाली. कोपऱ्यावर गेल्यावर तिला आठवलं, सर जाऊन आता वर्षं झाली होती. रस्ता ओलांडणाऱ्या माणसांना वाट देत ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.