कोंडीरामचा कोयता

आमच्या वॉर्डात कोयता निघाला आणि मला इतका आनंद झाला, की हर्नियाचे टाके दुखायला लागले. इतके दिवस नुसतं छत बघत पडलो होतो हो!

कोयता होता शेजारच्या खाटेवरच्या कोंडीरामचा. हा मांजरी गावचा. हॉस्पिटलच्या गेटबाहेर शहाळी विकतो. सकाळी कुणी दुचाकीवाल्यानं त्याचा पाय मोडला, लोकांनी उचलून आत आणला, सोबत त्याचं पोतंही. गार्ड सुदर्शननं ते न विचारताच उघडलं आणि बोंब ठोकली, "सिस्टर, कोयता! पोलिसांना बोलवा!"

"अरे, कालच त्या कोयत्यानं सोललेलं शहाळं ढोसलंस ना?" मी म्हणालो.

"काकाजी, नियम म्हणजे नियम. जप्त!"

कोंडीराम ताडकन उठून बसला. "माझा हाय त्यो. मागं एक असाच कुणीतरी जमा केला, परत घावला न्हाई. ह्यो गेला तर मी बी चाललो. ऱ्हाऊ द्या तुमचं ऑपरेशन." आणि मोडका पाय घेऊन खरंच खाली उतरायला लागला.

पद्मजा सिस्टरनी त्याला दाबून धरलं. "अहो, जखम उघडी आहे. आज ऑपरेशन नाही झालं तर पाय जाईल!"

"मग कोयता उशीखाली ऱ्हाऊ द्या."

"अजिबात नाही. मागच्या महिन्यात एका दारुड्या नातेवाइकानं इथंच सुरा काढला. आमच्या नर्सच्या हाताला टाके पडले."

बाईंचं बरोबर. कोंडीरामचंही बरोबर. अशा ठिकाणी मधे तंगडी घालायला मला फार आवडतं. मी पिशवीतून अडकित्ता काढला. "सुदर्शन, हाही जप्त कर. पलीकडच्या रावसाहेबांकडे वस्तरा आहे. आणि त्या कोपऱ्यात कुणीतरी तंबाखू मळतंय."

वॉर्डभर पिशव्या दडवायची खुडबुड सुरू झाली. सुदर्शनला घाम फुटला.

"बाळकाका, मस्करी पुरे," सिस्टर म्हणाल्या. "करायचं काय, ते सांगा."

"ऑपरेशनआधी बायकांची मंगळसूत्रं काढता, ती कुठं ठेवता?"

"पाकिटात, सील करून, लॉकरमध्ये. पेशंटसमोर."

"मग? ह्याचं घर चालतं त्या कोयत्यावर. दागिनाच की तो."

सिस्टरनी कोयता नजरेनं मापला. "पाकिटात मावणार नाही," म्हणाल्या, आणि उशीचा अभ्रा मागवला. "आणि सुदर्शन, पुढच्या वेळी पेशंटला विचारून उघडायचं."

कोयता अभ्र्यात गेला, वर चिकटपट्टी, तिच्यावर कोंडीरामची सही. त्याचा स्ट्रेचर मुद्दाम लॉकरपाशी थांबवला. टाके सांभाळत मीही मागोमाग. त्याच्या डोळ्यांदेखत कुलूप लागलं. किल्ली नातेवाइकाकडे द्यायची असते. त्याची बायको शालन अजून बसमध्येच होती. मी ऐटीत हात पुढे केला.

"तुमच्याकडं नगं," कोंडीराम म्हणाला. "तुमी मस्करीत लपवाल आन् मला आत घाम फुटंल. त्या गार्डला द्या. त्यो कुणालाच उघडू द्यायचा न्हाई."

सुदर्शननं किल्ली शिट्टीच्या दोरीत ओवली. "ताई आल्या तरी ओळख पटवूनच देईन."

"आसंच पायजे," म्हणत कोंडीराम निवांत आडवा झाला, आणि स्ट्रेचर आत गेला.

"बघू रे किल्ली जरा," मी म्हणालो.

"मागं व्हा, काकाजी."