एकही दिवस न चुकलेला पाऊस

मी बोलतोय तो मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातून. आवाज जरा कोंदट वाटला तर समजून घ्या. कपाट बंद असतं, आणि माझ्या तोंडात प्लॅस्टिकची शेवंती खोचलेली आहे. येणारे पाहुणे मला फुलदाणी समजतात. मी पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजतो. म्हणजे, मोजत होतो.

माझा जन्म आयर्लंडमधला. तिथं पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीचं एक गाव आहे आणि त्या गावात मुलींची शाळा. गावातल्या कारागिरानं आम्हा दोघा जुळ्या भावांना तांब्याच्या एकाच पत्र्यातून कापलं. वर नरसाळं, खाली भांडं, पाणी मोजायला काचेची नळी. भाऊ तिथंच राहिला. मला कागदाच्या कपट्यांत गुंडाळून मालवणच्या या कन्याशाळेत धाडलं.

ठरलं असं होतं, की दोन्ही शाळांतल्या मुलींनी रोज सकाळी साडेआठला आपापला पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी वहीची प्रत एकमेकींना पाठवायची. पत्रंही लिहायची. दोन्हीकडे मासे आणि पाऊस, एवढ्याच भांडवलावर मैत्री जमवायची होती.

मी आलो त्या दिवशी मुली मला बघायला जमल्या, नवी सून बघायला जमतात तशा. कुणी उचलून पाहिलं, कुणी टिचकी मारली.

"बरो आसा गो, पण रंगान काळो."

"चिंचेन घासल्यार उजळतलो."

सासरी आलेलीचं नाव बदलतात, तसं माझंही बदललं. मी 'परदेशी गडू' झालो. पटांगणाच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर मला बसवलं, आणि शालेय मंत्रिमंडळात 'पाऊसमंत्री' हे नवं पद निघालं. सांस्कृतिक मंत्री व्हायला अकरा हात वर झाले होते. पावसासाठी एकच झाला. तो नववीतल्या संचिताचा.

संचिताचे वडील होडीवर, आई बाजारात मासे विकायची. ती आठ-वीसला यायची आणि साडेआठ वाजेपर्यंत माझ्याजवळ उभी राहायची. मग नरसाळं उचलायची, पाणी नळीत ओतायची, डोळा पाण्याच्या रेषेशी आणायची आणि श्वास रोखायची. कोरडा दिवस असला तरी तेवढंच सगळं. तिची वर्गमैत्रीण रिया हसायची.

"शून्य लिवूक इतक्या लांबसून धावत येतस?"

"शून्य पण बघूक लागता गो," संचिता म्हणायची.

तिकडे माझ्या भावाला सांभाळणाऱ्या मुलीचं नाव ईफा. तिचेही वडील होडीवर. संचिता शब्दकोश मांडीवर घेऊन तिला पत्र लिहायची. एकदा तिनं बांगड्याचं चित्र काढून पाठवलं. ईफानं आपल्याकडच्या माशाचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'हा बहुतेक त्याचा चुलत भाऊ.' संचितानं ते माझ्या शेजारी बसून वाचलं आणि एकटीच खूप वेळ हसली. माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ तोच.

मग चतुर्थी आली. चतुर्थीत आमच्याकडे काय काय बंद होतं हे सांगायला नको. काय चालू राहतं ते विचारा. शाळेत चंद्रावती नावाच्या शिपाई मावशी आहेत. त्यांचा कलशाचा तांब्या आदल्या दिवशी गळायला लागला. शाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडे, आणि मी तांब्याचा. त्यांनी मला उचललं आणि घरी नेलं.

खरं सांगू? त्या पाच दिवसांना मी नावं ठेवू शकत नाही. माझ्या तोंडाला आंब्याची पानं, वर नारळ, पोटावर कुंकवाची पाच बोटं. आरतीला माणसं माझ्यासमोर हात जोडायची. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी पाण्यानं भरलेला होतो, फक्त ते पाणी विहिरीचं होतं.

विसर्जनानंतर मावशींनी मला लख्ख घासून आणलं. संचिता ओट्याजवळ उभीच होती.

"मावशे, माझो गडू खंय होतो?"

"माझ्या घराक. तांब्यो गळता माझो. म्हटलंय, शाळा बंद, पाच दिस पाऊस कोण मोजूक येतलो?"

"मी येय होतंय," संचिता म्हणाली. "पाचय दिस."

ती खरंच आली होती. घरचा गणपती सोडून, रोज साडेआठला. वहीत तिनं पाच ओळी लिहिल्या होत्या, पाचही सारख्या : 'भांडे जागेवर नव्हते. पाऊस मोजता आला नाही.'

 मावशी पदरानं माझ्यावरचं नसलेलं पाणी पुसत राहिल्या.

किशोरी मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी वही पाहिली आणि संचिता, मावशी दोघींना खोलीत बोलावलं. मी टेबलावर होतो.

"संचिता, ही वही परदेशात जाणार. पुढच्या महिन्यात आपला मैत्रीचा कार्यक्रम आहे, पाहुणे येणार. आणि त्यात आपण काय लिहायचं, शाळेचं भांडं गणपतीला नेलं?"

"ईफाला मी समजावून लिहीन, मॅडम. तिला कळेल."

"मॅडम, मी नेलंय," मावशी मध्येच म्हणाल्या. "माझी चूक आसा. तसां लिवा."

"तू गप्प बस, चंद्रावती." मग मॅडम हळू आवाजात संचिताला म्हणाल्या, "खरं लिहिलं, तर चौकशी होईल. हिची नोकरी जाईल. चालेल तुला?"

माणसांची ही एक गंमत मी पाहिली आहे. त्यांना खोटं हवं असलं, की ती दुसऱ्या कुणाच्या तरी भल्याची गोष्ट काढतात. संचितानं मावशींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पण खोटे आकडे लिहायला ती तयार होईना. म्हणून पाऊसमंत्रिपद रियाकडे गेलं. रियाचं अक्षर सुंदर. तिनं नवी वही केली. बारा, एकतीस, आठ, बावीस. पाचव्या दिवसापाशी ती अडली.

"मॅडम, एक शून्य घालू? खरं वाटेल."

"चतुर्थीत शून्य? सतरा घाल."

असा तो पाऊस पडला.

महिन्याभरानं ईफाचं पत्र आलं. मॅडमनी परिपाठाला त्यातलं एकच वाक्य वाचून दाखवलं : 'तुमच्याकडे सणातसुद्धा एकही दिवस चुकला नाही.' टाळ्या झाल्या. उरलेलं पत्र संचितानं माझ्याजवळ बसून वाचलं. ईफाची आजी आजारी होती, म्हणून तिचे चार दिवस चुकले होते. तिनं चार जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. तिच्या बाईंनी मालवणची वही वर्गापुढे धरली आणि म्हणाल्या, जबाबदारी म्हणजे ही. आता माझा भाऊ दुसऱ्या मुलीकडे होता. 'बरोबरच आहे,' ईफानं लिहिलं होतं. 'पण तू कसं जमवलंस, ते मला सांग.'

त्या दिवशी संचिता हसली नाही.

तिनं उत्तर लिहिलं. एकच पान. पाच दिवस आम्हीही मोजला नाही, आकडे खोटे आहेत, तुझ्या बाईंना हे दाखव, तुझं काम तुला परत मिळू दे. मावशींचं नाव कुठंही घातलं नाही. 'आमच्या एका बाईंना कलश हवा होता,' एवढंच. परदेशी पत्रं शाळेमार्फतच जायची, असा नियम होता. ती ते पत्र घेऊन मॅडमकडे गेली; कार्यक्रमासाठी मला तेव्हा तिथंच टेबलावर आणून ठेवलं होतं. स्वतः पोस्टात टाकलं असतं, तर? पण जबाबदार मुलगी ना. नियम पाळला.

मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं. "बघते," म्हणाल्या. संचिता गेल्यावर त्यांनी पत्राची घडी केली, आणखी एक घडी केली. फाडायला त्यांचा हात झाला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. त्यांनी माझं नरसाळं उचललं आणि पत्र माझ्या पोटात टाकलं. वर शेवंती खोचली.

कार्यक्रम छान झाला. मला या कपाटात ठेवलं आणि शेजारी सन्मानपत्र : 'एकही दिवस न चुकलेली पाऊस-मैत्री.' ईफाची आणखी दोन पत्रं आली, मग थांबली. ओट्यावर आता तुळस आहे.

दरवर्षी दिवाळीआधी मावशी मला बाहेर काढून घासतात. गेल्या खेपेला आत काहीतरी सळसळलं. त्यांनी मला कानाशी धरलं. "मॅडम, काय घातलां ह्येच्यात?" मॅडम म्हणाल्या, "राहू दे, ठेव ते." मावशींनी ठेवलं. त्यांना वाचताही येत नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस त्यांनी त्या चतुर्थीतच संपवलं.

गेल्या वर्षी संचिता दहावीचा दाखला न्यायला आली. उंच झाली आहे. सही होईपर्यंत ती कपाटासमोर उभी राहिली. काचेवर तिचा श्वास उमटला, एवढी जवळ.

"मॅडम, माझ्या पत्राला ईफाचं उत्तर आलं का हो?"

"नाही गं," मॅडम सही करत म्हणाल्या. "ती लोकं विसरतात."

संचितानं मान हलवली. दाखला घेतला आणि गेली.

तुम्ही कधी या खोलीत पाहुणे म्हणून आलात आणि चहा यायला वेळ लागला, तर कपाट उघडायला सांगा. फुलं काढा, नरसाळं उचला. पत्रावर पत्ता लिहिलेला आहे. ते पोस्टात टाका. आणि जमलं तर मला बाहेर नेऊन ठेवा. पाऊस नसला तरी चालेल. शून्य लिहा, पण बघून लिहा.