कठडा डाव्या हाताला

मामा राहायला आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन बॅगा, एक कुंडी आणि गिटारची काळी पेटी आली. बॅगा उघडल्या गेल्या, कुंडी खिडकीत गेली. पेटी मात्र कपाटाच्या आडोशाला उभी राहिली ती राहिलीच.

"वाजवत का नाहीस रे?" ठिणगीनं एकदा विचारलं.

"ही खोली सगळं गिळते," मामा म्हणाला. "पडदे, गाद्या, सोफा. सूर सोडला की कापसात टाचणी पडल्यासारखं. काही परतच येत नाही. मग बोलायचं कुणाशी?"

ठिणगी म्हणजे त्याची भाची. लहानपणी बॅटरीला वायरी जोडता जोडता तिनं टेबलावरचं कापड जाळलं होतं. तेव्हा मामानं ठेवलेलं हे नाव तिला जन्माचं चिकटलं. दिवसा ती एका दुकानात कानाची यंत्रं दुरुस्त करायची. संध्याकाळी तेच हात घरी गिटारची पेडल्स बनवायचे, म्हणजे पायानं दाबायचे ते छोटे धातूचे डबे. गिटारचा सूर वायरीतून त्यांच्या पोटात शिरतो आणि वेगळाच होऊन बाहेर पडतो, कधी खरखरीत, कधी पाण्याखालून आल्यासारखा. विकायचा विचार तिनं कधी केला नाही. हौस होती, एवढंच.

'काही परतच येत नाही' हे वाक्य तिच्या मनात घर करून बसलं. पूर्वी काय परत यायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. जुन्या इमारतीत एक दगडी जिना होता, कुठेही न वळता सरळ वर जाणारा. दुपारी सगळं सामसूम झालं की मामा अगदी वरच्या पायरीवर बसून वाजवायचा. समोर कुणी असलं की त्याची बोटं आखडायची, म्हणून पोराटोरांना ताकीद होती, वर फिरकायचं नाही. ठिणगी कधी वर गेली नाही. ती तळाच्या पायरीवर बसायची, श्वाससुद्धा बेतानं घेत. सूर भिंतींना अंग घासत खाली यायचा, मग पुन्हा यायचा, मग जरासा मळून, थकून, अजून एकदा. आपण तिथे बसतो याचा मामाला पत्ता नाही, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

इमारत पाडली गेली. जिनाही गेला. म्हणून ठिणगीनं तो डब्यात बसवायला घेतला.

आवाज जमला. कानांना हेडफोन लावून तिनं आपल्या गिटारची एक तार छेडली आणि तळाच्या पायरीचा गारवा पायांना लागला म्हणाना. पण उघड्या बोर्डावरचं वायरींचं ते जंजाळ मामापुढे ठेवायचं कसं? "रेडिओची आतडी का काढलीस?" म्हणून तो हसला असता आणि पेटी आडोशालाच राहिली असती. नुसतं बघूनच हात पेटीकडे जावा, असा डबा हवा होता.

म्हणून तिनं चित्र काढलं. साध्या रेघा, दूर जात आखूड होणाऱ्या पायऱ्या, उजव्या हाताला कठडा, खालून ती बघायची अगदी तसा. जिथे मामा बसायचा, त्या टोकाला छोट्या लाल दिव्यासाठी भोक. अक्षर एकही घातलं नाही, कारण मामाचा चष्मा नेहमी दुसऱ्याच खोलीत असायचा. तो कागद तिनं डब्यांना रंग देऊन वर छपाई करणाऱ्या माणसाकडे पाठवला.

त्याचा फोन आला. "ताई, बटणांच्या भोकांच्या खुणा आतल्या बाजूनं काढल्यात का? उजवं-डावं जुळेना."

ती तेव्हा कुणाच्या तरी आजोबांचं यंत्र उघडून बसली होती. "हो दादा, मी नेहमी आतूनच काढते. सगळं आतच बसवायचं असतं ना."

"मग उलटवून घेतो."

"घ्या," ती म्हणाली आणि पुन्हा भिंगात वाकली.

डबा आला, पहाटेच्या आभाळासारखा निळसर राखाडी. तिनं आधी तो पालथाच धरला आणि सगळं आत बसवलं. बटणाची एकेक खुंटी आपापल्या भोकात जणू वाट ओळखून शिरली. झाकण लावून तिनं डबा सुलटा केला. कठडा डावीकडे होता.

"तुम्हीच आतून म्हणालात," छपाईवाला फोनवर म्हणाला. "मी अख्खा कागद उलटवला. भोकं बरोबर आहेत ना?"

"भोकं बरोबर आहेत. जिना मी बाहेरून काढला होता, तो उलटा झाला."

"उलटा म्हणजे कसा, ताई? चढायचा होता तो उतरायचा झाला?"

"चेष्टा नका करू, दादा."

"चेष्टा नाही हो. परत करून देतो. पण रंग पक्का करायच्या भट्टीत सध्या दुसरा रंग चाललाय, थांबावं लागेल."

थांबू, ती म्हणाली. आयुष्यभर ज्या जिन्यावर बसला तो मामाला ओळखता येणार नाही का? बघताक्षणी म्हणेल, हा आपला नव्हे. मग सगळंच मुसळ केरात. तिनं डब्यावर रुमाल टाकला आणि ती कामावर गेली.

ती परतली तेव्हा उतरतं ऊन टेबलावर लोळत पडलं होतं. रुमाल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवलेला. मामा डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि एक बोट छापलेल्या रेघांवरून सावकाश फिरवत होता. चष्मा अर्थातच नव्हता.

"मामा, ते अजून व्हायचंय—"

"ठिणगे, तू वर कधी आली होतीस?"

"कुठे वर?"

"जिन्यावर. माझ्या पायरीवर. कठडा डाव्या हाताला, आणि पायऱ्या खाली जाता जाता बारीक होत गेलेल्या. तिथे बसल्याशिवाय हे दिसायचं नाही." त्याचं बोट रेघांच्या टोकाशी, दिव्याच्या लाल ठिपक्यावर थांबलं. "आणि ही तू. तो लाल स्वेटर. उन्हाळ्यातसुद्धा घालायचीस, वेडाबाई."

"तुला माहीत होतं?"

"तू शिंकायचीस की. परत यायचं सगळं, त्यात तेही यायचं."

"मग बोटं नाही आखडायची?"

"एवढ्याशा ठिपक्याला काय घाबरायचं?"

ठिणगीनं चूक सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. छपाईवाल्याला आज फोन करायची गरज नव्हती.

पेटीच्या कड्या कुरकुरत उघडल्या. तारा लावायला वेळ लागला. मामा त्यांच्यावर पुटपुटत चिडत राहिला, तोवर तिनं वायरी जोडल्या, आपला छोटा ॲम्प्लिफायर सोफ्याशेजारी सरकवला. त्यानं पायानं कळ दाबली, दिवा लागला. एक सूर सुटला, खोलीभर गेला आणि परत आला, पुन्हा आला, मग थकून, मळून, अजून एकदा. पडदे, गाद्या सगळं कुठेतरी मागे राहिलं आणि दगडाचा गार वास आल्यासारखा झाला.

"हे तू खालून ऐकलेलं आहे," मामा डोळे मिटून म्हणाला. "वर जरा उशिरा परत यायचं." त्यानं वाकून एक बटण किंचित फिरवलं. "हां. एवढं."

तो वाजवू लागला. ठिणगी सवयीनं दाराशी गेली आणि चौकटीला टेकून जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन, श्वास बेतानं घेत.

गत मध्येच थांबली. शेवटच्या सुराचं शेपूट खोलीत घुमत विरत होतं.

"तिथे काय बसलीस?" मामा म्हणाला आणि सोफ्यावर जरा सरकला. "वर ये."