दुसरी व्यक्ती आढळली

कॉलेजची ऑनलाइन परीक्षा आज नुसती सरावापुरती होती, पण कॅमेऱ्यासमोरची खुर्ची सोडली की पेपर रद्द, हा नियम खराच होता. म्हणूनच, नवऱ्याने केस धरून डोकं टेबलावर आपटलं, तरी पेपर सोडवत बसलेली ती बया उठली नाही.

"शिकून काय दिवे लावणार आहेस गं?" म्हणत त्याने आणखी एक ठेवून दिली. नाकातलं रक्त कीबोर्डवर टपकलं.

तीन वर्षं सासूबाई सगळ्यांना ऐकवत होत्या, "माझा मुलगा मुंगीलाही मारत नाही. पुरावा आहे का हिच्याकडे?"

तो स्क्रीनपुढे वाकला तशी लाल अक्षरं उमटली: 'दुसरी व्यक्ती आढळली. चित्रीकरण पर्यवेक्षकांकडे पाठवले.'

"हे काय?" तो चपापला.

"पुरावा," बाहीने नाक दाबत ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न वाचू लागली.